पोट्ट्यांनी शाळेसाठी गेम खेळला तर बिघडलं काय?

मागच्या रविवारी दादाचा फोन आला. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडचं, आणि सध्या तिथं एकाच गोष्टीवरून वाद सुरू आहे. माझा पुतण्या आणि त्याचे दहा-बारा दोस्त म्हणतात आम्ही बीजीएमआय या मोबाइलवरच्या बंदुकीच्या गेमची टूर्नामेंट घेतो, यूट्यूबवर लाइव्ह दाखवतो, आणि लोक जे देतील ते जिल्हा परिषदेच्या शाळेला, कारण मुलींच्या संडासात पाणी नाही, टाकी फुटून दोन वर्षं झाली. दादा भडकला होता. "ज्या मोबाइलनं पोट्टे बिघडले, त्याच्याच पैशानं शाळा काहून सुधरवाची?"

त्याचं अर्धं खरं आहे. पोरं रात्र-रात्र जागतात, सकाळी शाळेत पेंगतात, हे मीही सुट्टीत आलो तेव्हा पाहिलं. पण दादा, उरलेलं अर्धं ऐक.

मी राहतो कॅनडात, व्हँकुव्हरजवळ. इथून बोटीनं गेलं की व्हिक्टोरिया लागतं, तिथल्या काही पोरांनी 2007 मध्ये डेझर्ट बस नावाचा गेम खेळून पैसे गोळा करायला सुरुवात केली. गेम काय, तर टूसान ते लास वेगास बस चालवायची, खरोखर आठ तास, रस्ता सरळ, आणि बस सारखी उजवीकडे ओढते म्हणून हात सोडता येत नाही. लोक पैसे देतात तसे हे अजून एक तास चालवतात, पहिल्या तासाला एक डॉलर आणि पुढचा प्रत्येक तास आधीच्यापेक्षा 7 टक्के महाग. तो पैसा चाइल्ड्स प्ले या संस्थेकडे जातो, दवाखान्यात पडलेल्या लेकरांच्या खेळण्यांसाठी. हे दरवर्षी होतं, आणि बघणारा देतो कारण समोरचा माणूस जागून काहीतरी सोसतोय. आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागायला पोट्टे दारोदार फिरतात, तेव्हा त्यांना कोणी बिघडले म्हणत नाही.

आता इथलंही सगळं घेण्यासारखं नाही. आमच्या प्रांतात शाळेच्या पालक समितीला सरकारकडून दर विद्यार्थ्यामागे 20 डॉलर मिळतात आणि तो पैसा येतो जुगारातून, कॅसिनो-लॉटरीच्या कमाईतून. माझ्या मुलीच्या शाळेलाही तो मिळतो आणि मला ते बरं वाटत नाही, कोणाचं तरी घर बुडाल्यावर आमच्या शाळेची घसरगुंडी उभी राहते. म्हणून पुतण्याला एक गोष्ट बजावून सांगितली, एंट्री फी घेऊन जिंकणाऱ्याला पैसे वाटायचे नाहीत. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली ती उगाच नाही. जिंकणाऱ्या टीमला शाळेत सगळ्यांसमोर टाळ्या आणि एक कप, पुरे.

दुसरी अडचण पोरांच्या डोक्यातच नव्हती. त्यांना वाटलं काका परदेशात आहे, तिकडच्या लोकांना लिंक पाठवू, डॉलर येतील. तसं होत नाही बाबा! माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, मी माझ्या कमाईतून बँकेतून पाठवले तर चालतं, पण माझ्या ऑफिसातल्या गोऱ्या दोस्तानं दिले तर ते परकीय अंशदान झालं, म्हणजे परदेशी माणसाची देणगी, त्याला 2010 च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते आणि दिल्लीच्या स्टेट बँकेत खातं लागतं. गावच्या शाळेला ते कुठून जमणार. म्हणून क्यूआर कोड फक्त शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्याचा लावा, कोण्या पोराच्या नंबरचा नको, आणि मागायचं ते आपल्याच लोकांना, पुण्या-नागपूरला कामाला गेलेल्या गावच्या पोरांना. त्यांना ती टाकी माहीत आहे.

पारावर अजून एक बोलणं झालं म्हणे, की हे सरकारचं काम, आपण केलं तर सरकार हात झटकेल. मलाही तीच भीती आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलींना वेगळा संडास आणि पिण्याचं पाणी लिहिलेलंच आहे, ती भीक नाही. पण पाळी आली की सातवीतली पोरगी चार दिवस घरी बसते, तिनं किती वर्षं वाट पाहायची? अर्ज पंचायत समितीत द्या, पोच घ्या, दर महिन्याला विचारत रहा, आणि टाकीही बसवा. दोन्ही.

दादा म्हणाला, "पाहतो, समितीत विचारतो." मी म्हटलं, टाकी, मोटर, पाइप यांचं कोटेशन आधी आण आणि बैठकीत वाचून दाखव. आणि समितीत निम्म्या बाया असाव्या असा नियम आहे, त्या सहीपुरत्या नको, त्या दिवशी मुलींच्या आयांना आधी बोलू द्या.