आमच्या गल्लीचे तीन नारळ

आमच्या गल्लीच्या तोंडापासून मारुतीच्या देवळापर्यंतचा रस्ता 210 मीटर. चालत तीन मिनिटं, पावसाळ्यात सात. मुंबईहून निघालेला निधी मात्र चार वर्षं वाटेतच होता.

पहिला नारळ 2021 चा. पंधरा लाख मंजूर, 'पंचवीस पंधरा'तून. (2515 हे सरकारी लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातून खर्च करायचा त्याचा आकडा. आमच्याकडे पोरांना पाढ्यांआधी हा आकडा पाठ होतो.) खडी येऊन पडली. 2022 च्या जूनअखेर सरकार बदललं आणि जुलैत आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कामांना स्थगिती आली. खडी शेवटी अण्णांच्या गोठ्याला लागली. गोठ्याला स्थगिती नव्हती.

दुसरा नारळ दुसऱ्या बाजूच्या पुढाऱ्यांनी फोडला, त्याच खड्ड्यापाशी. तिथे फोटोला उजेड बरा येतो. 'यांच्या विशेष प्रयत्नातून' असा फलक लागला, प्रयत्न तेवढे राहिले.

मग मीच कागद घेऊन कचेरीत गेलो.

"दुरुस्ती म्हणाल तर लेखाशीर्ष तीस चौपन्न," बाबूसाहेब म्हणाले. "पण दुरुस्तीला आधी रस्ता लागतो. इथे कुठाय?"

"मग नवीन करा."

"नवीन म्हणजे पन्नास चौपन्न. पण फोटोत रस्ता दिसतोय की!"

माझा चेहरा बघून त्यांनी चहा मागवला. "जिल्हा नियोजन समितीत बघू. 18 जानेवारीला पालकमंत्र्यांची यादी आली आणि दुसऱ्याच दिवशी नाशिक-रायगडच्या नावांना स्थगिती. तुमच्या जिल्ह्याला निदान पालक तरी आहेत." अनाथाश्रमातून परतल्यासारखा मी घरी आलो.

10 मार्च 2025 ला अजित पवारांनी आपला अकरावा अर्थसंकल्प मांडला. खर्च 7,00,020 कोटी. सात लाख कोटींवर माझा डोळा नव्हता, पण ते वरचे 20 कोटी बघून जीव तुटला. नुसते सुटे आमच्या गल्लीकडे वळवले असते तरी देवळापर्यंत संगमरवर झाला असता.

तिसरा नारळ पाडव्याला. साडेतीन मुहूर्तांतला एक, पण खरा मुहूर्त दुसऱ्या दिवशीचा: 31 मार्च. निधी परत जाण्याआधी उडवायचा. महायुतीतल्या दोन पक्षांचे दोन नेते आले, नारळ एकच. दोघांनी मिळून धरला, दोघांनी मिळून आपटला, आणि तो शाबूत राहिला. (एकाने जरा हात आखडता घेतला, असं अण्णांचं मत.) शेवटी रोलरच्या ड्रायव्हरने तो चाकाखाली घातला.

रात्रभर धडधड चालली. पहाटे डांबर आमच्या दाराच्या अलीकडे थांबलं. 140 मीटर एका नेत्याच्या वाट्याचे होते, पुढचे 70 दुसऱ्याचे. त्यांचं पत्र पुरवणी मागण्यांच्या रांगेत. ठेकेदार आमच्या ओट्यावर टेकला. "काका, माझंच मागचं बिल अडकलंय. सगळा पैसा लाडक्या बहिणींकडे गेला." असं म्हणून त्याने चहा घेऊन आलेल्या वहिनीकडे असं पाहिलं, की त्याचं बिल तिच्याच डब्यात आहे.

वहिनीने कप ठेवला. "माझे पंधराशे घ्या आणि पायरीपर्यंत तरी आणा."

त्याने मोबाइल काढला, मनापासून हिशेब केला.

"पंधराशेत वीतभर होईल, ताई."