'अर्थसी'त काही घडतच नाही? एका कमेंटला उत्तर

तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की उर्सुला ले ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या फँटसी कादंबरीचं मी उगाच कौतुक केलं, नुसती बेटांची नावं, धुकं, पाऊस आणि पोथीसारखी भाषा, काही घडतच नाही, म्हणून तिसऱ्या चॅप्टरला ठेवून दिलंत.

नावांचं मान्य. मीही सारखा नकाशा उघडत होतो, तिने गोष्टीच्या आधी नकाशाच काढला होता म्हणा.

पण 'काही घडतच नाही' हे नाही पटलं. पहिल्याच चॅप्टरमध्ये कार्गी लोकांची धाड येते आणि ज्या धुक्याला तुम्ही कंटाळलात त्याच धुक्यात गेड, म्हणजे गोष्टीचा नायक, अख्खं गाव लपवतो! मग तो ओगियनकडे शिकायला जातो, वाटतं आता मंत्र मिळतील, तर हा गुरू फारसा बोलतच नाही, नुसता डोंगरातून चालवतो, पाऊस आला तरी ढग हाकलत नाही, मुकाट झाडाखाली आडवा होतो. वाटेत एक साधं रोपटं दिसतं, गेड विचारतो याचा उपयोग काय, तर उत्तर काय, आधी ते सगळ्या ऋतूंत मुळापासून बीपर्यंत ओळखायला शीक. गेड जाम वैतागतो. तुमची तक्रार तीच आहे, 1968 साली लेखिकेने ती गेडच्याच तोंडी घालून ठेवलीये.

कारण या जगात जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव माहीत असणं. तिथे शब्द घाईघाईत टाकून कसं चालेल? वर्णन गाळून वाचलं की जादूच गाळली जाते, मला तरी असंच वाटतं.

गेड 13 वर्षांचा होतो तेव्हा ओगियन त्याचं खरं नाव हळूच त्याला सांगतो. मला आपलं बारसं आठवलं, आत्या बाळाच्या कानात कुर्र करते ते. फक्त इथे ते नाव जन्मभर लपवायचं, कारण ज्याला ते कळलं त्याच्या हातात तुमचा जीव. पुढे रोकवर, म्हणजे जादूगारांची शाळा असलेल्या बेटावर, गेडच्या हातून भयंकर चूक होते, तोंडावर व्रण राहतात, स्वतःवरचा विश्वासच उडतो, आणि अशा वेळी व्हेच हा मित्र निरोप घेताना त्याला स्वतःचं खरं नाव सांगून जातो. मोजक्या ओळी आहेत. मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ तसाच बसलो होतो.

तुम्ही तिसऱ्या चॅप्टरला थांबलात. हे चौथ्यात आहे.