बघायला दोन सेकंद, वाचायला पाऊण तास

सांगली-मिरजेच्या आमच्या ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘फॅन आर्ट ही खरी मेहनत. फॅन फिक्शन म्हणजे दुसऱ्याची पात्रं उचलून मारलेल्या गप्पा, कुणीही लिहील. म्हणून तर चित्राला शेकड्यानं लाइक पडतात, गिऱ्हाईकही मिळतं. कथेकडे कुणी फिरकत नाही.’ फॅन आर्ट म्हणजे आवडत्या मालिकेतल्या पात्रांची चाहत्यांनी काढलेली चित्रं, फॅन फिक्शन म्हणजे त्याच पात्रांवर लिहिलेल्या कथा. मी कथा लिहिणाऱ्यांतला, त्यामुळे नाकाला मिरच्या झोंबल्या हे आधीच कबूल करतो.

पहिलं लाइकचं. माझ्या मैत्रिणीनं २०१९च्या पुरात आयर्विन पुलावर उभा असलेला ‘वन पीस’ या जपानी मालिकेतला लुफी काढला. पाठमोरा, गवती टोपी, खाली गढूळ कृष्णा. त्याच प्रसंगावर मी कथा लिहिली. लुफीला पोहता येत नाही, ही मालिकेतली मूळ अट. मग गावभागात पाणी चढतंय, माळ्यावर माणसं अडकलीत, तेव्हा हा गडी करणार काय? चित्र एका संध्याकाळीत कोल्हापूरपर्यंत गेलं. कथा सात जणांनी वाचली, त्यातली एक माझी बहीण.

पण चित्र ग्रुपवर पडल्या पडल्या दिसतं आणि त्याला मराठी यावं लागत नाही. कथेची लिंक उघडायची, पाऊण तास द्यायचा, तोही मराठीत. त्या सातांतल्या एकीनं रात्री एक वाजता मला दोन स्क्रीन भरून मेसेज केला. पुरात दावं कापून सोडलेल्या त्यांच्या म्हशीबद्दल. हा मेसेज लाइकच्या कुठल्या खात्यात धरायचा?

‘उचललेली पात्रं’ हे तर सांगलीत बसून बोलूच नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ नाटक रंगवलं, तेव्हा राम त्यांनी नव्यानं घडवला नव्हता. तिकडे साताऱ्याकडच्या औंधाला तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी रामायणाचे प्रसंग रंगवले, तेही ऐकलेल्या कथेवरूनच. आणि लुफीचा चेहरा मैत्रिणीचा कुठे आहे? तो ‘वन पीस’ काढणाऱ्या एइचिरो ओदांचा. १९५७चा कॉपीराइट कायदा मूळ कृतीवरून दुसरी कृती करण्याचा हक्क मालकालाच देतो, मग मूळ कृती लिहिलेली असो वा काढलेली. उचलेगिरी म्हणायची तर दोघांनाही म्हणा.

कुणीही लिहील? लिहा. पाचव्या पानावर भेटू.

गिऱ्हाइकाची गोष्ट जरा वेगळी. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे फॅन फिक्शनचं मोठं भांडार २००९मध्ये खुलं झालं. तिथे कथेवर पैसे मागायलाच बंदी आहे. चाहत्यांनी स्वतःहून घालून घेतलेली. फुकट आहे म्हणून हलकं, असं तिथे कुणी मानत नाही. २०१९मध्ये याच भांडाराला विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे तिथे चित्र पाहुणं असतं : फाइल दुसरीकडे ठेवायची आणि इथे नुसती जोडायची. उलट तोक्योच्या कॉमिकेट या चाहत्यांच्या पुस्तक-जत्रेत, १९७५पासून, चाहत्यांनी छापलेल्या चित्रकथा विकल्या जातात आणि कथांची पुस्तकंही. म्हणजे गिऱ्हाईक मिळणं-न मिळणं त्या त्या बाजाराच्या रिवाजावर आहे.

मेसेजमधलं एक मात्र खरं. चित्रकाराच्या मेहनतीची कदर व्हायला हवी. मैत्रिणीचा लुफी आता कोपऱ्यातली सही कापून फिरतोय. ‘खरी मेहनत’वाला मेसेज ज्यानं आमच्या ग्रुपवर टाकला, त्याच्या डीपीलाही तोच आहे. बिनसहीचा.