"डायलिसिसची सवय लागते": हा समज जिवावर बेततो

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: "डायलिसिस एकदा लागलं की सुटत नाही. मशीनची सवय लागून उरलीसुरली किडनीही बंद पडते, माणूस दोन वर्षांत जातो. मशीन टाळा, काढा घ्या."

आधी सवयीचं बघू. मशीन मिनिटाला साधारण 300 मिली रक्त डायलायझरमधल्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्यातल्या, पोकळ तंतूंतून फिरवतं. तंतूंच्या बाहेरून उलट दिशेने मिनिटाला 500 मिली द्रव वाहतो आणि युरिया, पोटॅशियम त्यात उतरतं. चार तासांत 120 लिटर द्रव लागतो. यात सवय लागण्यासारखं काही नाही. मधुमेहाने, रक्तदाबाने किडनी आधी निकामी होते, मशीन नंतर येतं; मजकुरात हा क्रम उलटा केलाय. एक गोष्ट मात्र खरी: एका बैठकीत फार पाणी ओढलं तर रक्तदाब कोसळतो आणि उरलेल्या किडनीला खरंच फटका बसतो. म्हणून तासाला, वजनाच्या किलोमागे 13 मिलीच्या पुढे जाऊ नये. साठ किलोच्या माणसाचं चार तासांत जेमतेम तीन लिटर. दोन बैठकींच्या मधे पाणी मोजून प्यायचं ते यासाठीच.

"सुटत नाही" हेही सरसकट खरं नाही. लेप्टोस्पायरोसिस, गंभीर मलेरिया, सर्पदंश, जुलाबाने शरीरातलं पाणी आटणं यांत किडनी अचानक थांबते आणि बऱ्याच जणांची काही आठवड्यांत परत चालू होते. नेदरलँड्समध्ये डॉक्टर विलेम कोल्फ यांनी बनवलेल्या मशीनवर 1945 मध्ये वाचलेली पहिली रुग्ण, 67 वर्षांची बाई, मशीनवरून सुटली आणि पुढे सात वर्षं जगली. जुनाट आजारात मात्र प्रत्यारोपण होईपर्यंत डायलिसिस चालूच राहतं.

दोन वर्षांचं म्हणाल, तर सिएटलमध्ये 1960 साली कायमच्या डायलिसिसवर गेलेले क्लाइड शील्ड्स अकरा वर्षं जगले, तेही त्या काळच्या यंत्रांवर. लवकर दगावणाऱ्यांत अनेकजण टाळत टाळत शेवटी धाप लागल्यावर येतात. मग घाईत मानेच्या शिरेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालावा लागतो आणि तिथून जंतू थेट रक्तात जातात. हे टाळायचं तर फिस्टुला, म्हणजे हातातली धमनी शिरेला जोडणं, काही महिने आधी करावा लागतो. शीर फुगून सुईजोगी व्हायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, सलाईन लावायचं नाही, घड्याळ घट्ट बांधायचं नाही. रोज सकाळी बोटं ठेवून थरथर जाणवते का बघायचं. थांबली असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

लवकर दगावण्याचं दुसरं कारण चुकवलेली बैठक. पोटॅशियम वाढलं की हृदय कसलीही सूचना न देता थांबू शकतं. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण प्रेमाने शहाळं नेतो. या रुग्णाला ते त्यातल्या पोटॅशियममुळे विष आहे. भाजी चिरून, उकळून, ते पाणी फेकून मग खायला द्यावी.

काढ्यांतही पोटॅशियम असतं, आणि ॲरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पती तर किडनी स्वतःच नासवतात.

"टाळा" यात अर्धं तथ्य आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 828 रुग्णांच्या अभ्यासात डायलिसिस लवकर सुरू करून आयुष्य वाढलं नाही. तेव्हा नुसत्या क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनीने बाहेर टाकायच्या रक्तातल्या कचऱ्याच्या, आकड्यावर घाई नको. पण आडवं झाल्यावर धाप लागणं, सततची उलटी, गुंगी, औषधाला न जुमानणारं पोटॅशियम यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नये.

खरी तक्रार मजकुरात नाहीच. 2016 पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत गरिबांना ही सेवा मोफत मिळते. पण आठवड्यात तीन फेऱ्या म्हणजे मजुराचे तीन खाडे, सोबत येणाऱ्या बायकोचेही तीन. मशीन आयुष्य वाढवतं आणि त्याची किंमत सगळं घर मोजतं. पोटातून करायचं डायलिसिस घरी होतं: दोन लिटर द्रवाची पिशवी नळीने पोटात सोडायची, दिवसातून तीन-चार वेळा, हात धुऊन, मास्क लावून. स्वच्छ कोपरा आणि शिकलेला एक माणूस लागतो. दूरच्या गावच्या रुग्णाला हा पर्याय पहिल्याच भेटीत सांगितला गेला पाहिजे.