टॅनरी काढताय? पाण्याची काळजी आमच्यावर सोडा

निपाणी-अथणी पट्ट्यात कातडी कमवायचा धंदा काढायचं तुमच्या मनात आहे, असं ऐकलं. वेळ अगदी बरोबर साधलीत. 2019 साली कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरच्या पंगतीला आपलं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरही बसलं. दोन्ही राज्यं एका अर्जावर एकत्र आली होती, यावर आमचा अजून विश्वास बसत नाही.

पहिलं काम, बाभळीची साल आणि हिरडा यांना रामराम. जुनी माणसं सांगतील, आठवडेच्या आठवडे कुंडात मुरू द्यावं लागतं. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. (कुंडाचं पाणीही काही तीर्थ नव्हतं म्हणा. चुना, केस, मांसाचे तुकडे ओढ्यालाच जायचे. त्या वासापायी गावाने कमावणाऱ्यांना वेशीबाहेर ठेवलं. चपलेला मात्र वेस कधी आडवी आली नाही.)

तुम्ही क्रोम, म्हणजे क्रोमियमचे क्षार, वापरा. ड्रम फिरवला की एक-दोन दिवसांत कातडं निळसर होऊन बाहेर. एक किलो कच्च्या कातड्यामागे 30-40 लिटर पाणी लागतं, ते बोअर देईल. साध्या पद्धतीत क्रोमचा 60 ते 70 टक्के भाग कातडं पितं, उरलेला पाण्यात राहतो. काही हटवादी लोक त्या पाण्यात मॅग्नेशियम ऑक्साइड टाकून क्रोम खाली बसवतात, आम्लात विरघळवून पुन्हा वापरतात आणि वर पैसे वाचले म्हणून सांगतात. असल्यांच्या नादी लागू नका. मागच्या बाजूला नाला कशासाठी दिलाय देवाने?

आता सगळ्यात महत्त्वाचं: नावाचा फलक. कर्नाटकच्या 2024 च्या कायद्याने इथे फलकावर 60 टक्के कन्नड हवं. तुमच्याकडे कातड्यात 60 टक्के क्रोम, भिंतीवर 60 टक्के कन्नड, हिशेब कसा चोख! पण तुम्ही मुद्दाम 55 टक्केच लिहा. सकाळी एक जमाव टेप घेऊन अक्षरं मोजायला येईल. दुपारी दुसरा येईल, मराठी इतकी बारीक का म्हणून. घोषणा, मग काळं फासणं, मग कॅमेरे. सारा तालुका दाराशी उभा असेल आणि शेडमागे जाऊन नाल्यात बाटली बुडवणारा एकही माणूस सापडणार नाही. राहिलेले 40 टक्के निवांत वाहू द्या.

एखादा शेतकरी आलाच, पाणी फेसाळतंय, ऊस पिवळा पडतोय म्हणत, तर त्याला वर बोट दाखवा. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा, सगळ्या महाराष्ट्रातूनच येतात. पंचगंगेत इचलकरंजीच्या रंगाचं पाणी मिसळतं हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आपण एरवी महाराष्ट्रात जायला तळमळतो, पण नाल्यापुरता महाराष्ट्र परका मानायला काय हरकत आहे? तासभराने परत मोर्चात जायचंच आहे.

कायद्याचं म्हणाल, तर सोडलेल्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला 2 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आणि कॅन्सर करणारं सहा संयुजेचं असेल तर 0.1. ते मोजायला आधी कुणीतरी यावं लागतं. प्रदूषण करेल त्याने भरपाई द्यावी, असं सुप्रीम कोर्टाने 1996 साली तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या खटल्यात बजावलं होतं. त्या निकालात टॅनरीपट्ट्यातली सुमारे 35,000 हेक्टर शेती पूर्ण किंवा अंशतः नापीक झाल्याची नोंद आहे. पण तिथे शेकडो टॅनऱ्या होत्या, तुमची एकच. शिवाय तिथलं पाणी खारट झालं ते कातडी टिकवायच्या मिठाने; साध्या प्रक्रियेने ते मीठ निघत नाही. म्हणजे प्रक्रिया करूनही उपयोग नाही, असं आपण सोयीने समजायचं.

घरच्यांसाठी मात्र वीस लिटरचे जार मागवत चला.

आणि कुणी फारच खोदून विचारलं, की हा नाला नेमका कुणाच्या हद्दीत, तर आवाज चढवू नका. नम्रपणे सांगा, साहेब, सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, न्यायप्रविष्ट गोष्टीवर मी कसा बोलू? निकाल लागेपर्यंत ड्रम फिरू दे.