धरणावर तिसरा माणूस

इंग्लंडात लेक डिस्ट्रिक्ट म्हणजे धुकं, मेंढ्या आणि कवी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक डिस्ट्रिक्ट म्हणजे कर. हा फरक मला घर घेतल्यावर कळला.

घर दाखवणाऱ्या बाईंनी आधी सूर्यास्त दाखवला, मग लाकडी धक्का, मग त्याला बांधलेली शेजाऱ्याची बोट. गाडीत बसता बसता म्हणाल्या, "आणि हो, तुम्ही आपोआप लेक डिस्ट्रिक्टमध्ये येता." लग्न जुळवणारे मध्यस्थ मुलाच्या कर्जाचा विषय चपला घालताना काढतात, तसं.

मी मनातल्या मनात या लेक डिस्ट्रिक्टचं नाव तळेपंचायत ठेवलं. 1974 साली विस्कॉन्सिनने कायदा केला. ज्यांना आपलं तळं सांभाळायचंय त्यांनी आपलं छोटं सरकार काढावं, स्वतःवर कर बसवावा आणि मग स्वतःच्याच नावाने बोटं मोडावीत. शेवटची गोष्ट कायद्यात नाही, ती रूढीने आली. मंडळावर पाच जण: तीन निवडून आलेले, एक काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्ह्याने, पाठवलेला, एक गावाने. आमच्याकडचा काउंटीवाला सगळ्याला मान हलवतो आणि गाववाला घड्याळ बघतो.

मुळात मी पुणं सोडलं ते सोसायटीच्या कमिटीला कंटाळून. लोकांना मी करिअर वगैरे सांगतो. तीन वर्षं खजिनदार होतो. गच्चीवरच्या टाकीची गळती, मेंटेनन्सची थकबाकी, आणि पार्किंगवरून एकमेकांशी न बोलणारी दोन सख्खी भावंडं यांच्यामध्ये मी उभा असायचो. विमानात बसताना पावतीपुस्तक सुटलं म्हणून मी देवाला नमस्कार केला होता.

इथली वार्षिक सभा ऑगस्टात, शनिवारी सकाळी नऊला, टाउन हॉलमध्ये. कायद्याने ती 22 मे ते 8 सप्टेंबरच्या दरम्यान घ्यायची असते. उन्हाळ्यापुरते येणारे घरमालक परतायच्या आत, हे उघड कारण. माझा संशय निराळा आहे. सप्टेंबरात फुटबॉल सुरू होतो आणि मग इथला माणूस स्वतःच्या मयतालाही यायचा नाही. दुसऱ्याच्या हाती मत पाठवायची सोय नाही, टपालानेही नाही. यायचं, लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसायचं आणि हात वर करायचा.

मी पहिल्याच सभेत एक प्रश्न विचारला. विचारायला नको होता. जमाखर्चाचा कागद वाचायची सवय वाईट. बारा डॉलरचा फरक दिसला आणि तोंडातून निघून गेलं. हॉल शांत झाला. चाळीस माणसं वळून माझ्याकडे अशी बघायला लागली, की पुण्यात खजिनदार झालो ती संध्याकाळ मला आठवली. आकडे कळणारा माणूस तळ्यावर आला होता. मंडळाच्या जागेसाठी मतदान गुप्त झालं, उमेदवार मी एकटा. महिन्याच्या आत मंडळाने मला खजिनदार केलं आणि बुटाच्या खोक्यात भरलेली सात वर्षांची बिलं माझ्या गराजमध्ये आली.

आईला फोनवर सांगितलं. तिला कौतुक वगैरे काही वाटलं नाही. म्हणाली, "त्या तळ्याला धरण आहे का रे?"

"आहे. छोटंसं."

"भराव मातीचा?"

"मातीचाच."

पलीकडे बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. 12 जुलै 1961 ला आई नऊ वर्षांची होती आणि नारायण पेठेत राहत होती. पानशेतचं काम पुरतं झालेलं नसताना पाणी अडवलं, भराव खचला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, हे तिच्याकडून मी इतक्यांदा ऐकलंय की त्या पोत्यांचं वजन मला सांगता येईल. "तू हिशेब बघतोस ना," ती शेवटी म्हणाली, "मग पैसे तिकडे जातात का ते बघ."

पैसे तिकडे जात नव्हते. पैसे पाणगवताकडे जात होते.

आमच्या तळ्यात युरेशियन मिलफॉइल नावाचं एक पाणगवत आहे. कापलं की त्याचा प्रत्येक तुकडा तरंगत जातो आणि पोचेल तिथे मूळ धरतो. थोडक्यात, रक्तबीज. आम्ही ते कापायला मोठं यंत्र ठेवतो. ते डिझेल पितं, दर जुलैत बिघडतं आणि वर्षाचे निम्मे पैसे खातं. पण गवत दिसतं! बोटीच्या पंख्यात अडकतं, नातवंडांच्या पायाला गुंडाळतं. धरण कुणाच्या पायाला गुंडाळत नाही. ते गवताखाली झाकलेलं, रस्त्याच्या वळणावर गप्प पडून असतं. पूर्वी तिथे पिठाची गिरणी होती. गिरणी गेली, गिरणीवाल्याचे वारस शहरात गेले आणि धरण तळेपंचायतीला एका डॉलरात देऊन गेले. हत्ती एका डॉलरात पडला, चारा आमचा.

चाऱ्याला मर्यादा आहे. सभा जास्तीत जास्त हजारी अडीच डॉलर कर बसवू शकते. म्हणजे तीन लाखांच्या घराला साडेसातशे. आमची सभा त्याच्या जवळपासही जात नाही. माझ्या पहिल्या बजेटच्या सभेत बदकं आणि हंस हाकलायला प्लास्टिकचा कोल्हा घ्यावा की नाही, यावर पंचेचाळीस मिनिटं चर्चा झाली. किंमत चाळीस डॉलर. एक बाई म्हणाल्या, कोल्ह्याची जागा रोज बदलावी लागते, नाहीतर हंस ओळखतात. मग जागा कोण बदलणार यावर समिती नेमली. धरणाच्या राखीव निधीचा ठराव दोन मिनिटांत निघाला: "मागच्या वर्षीइतकाच." मागच्या वर्षी शून्य होता.

धरणाची तपासणी करायला आम्ही इंजिनिअर लावला, कारण राज्याचं पत्र आलं होतं. पत्रात "हाय हॅझर्ड" असे शब्द होते आणि ते वाचून अध्यक्षीणबाईंनी मला रात्री अकराला फोन केला. मी सकाळपर्यंत पलंगावर बसून होतो. सकाळी कळलं की हॅझर्ड म्हणजे धरणाची प्रकृती नव्हे. धरण फुटलं तर खाली काय आहे, त्याचा तो दर्जा. धरण ठणठणीत असलं तरी खाली कुणी घर बांधलं की दर्जा चढतो. आमच्या धरणाखाली कुणीतरी सहा घरं बांधली होती. खालच्या दर्जाच्या धरणाला सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरापुरता चालतो. आता आम्हाला हजार वर्षांतून एकदा येणारा पूर सोसायचा होता. तपासणीही दहा वर्षांऐवजी दर दोन वर्षांनी. आम्ही एक वीटही हलवली नव्हती. दुसऱ्याच्या गृहप्रवेशाचा अहेर आम्ही देत होतो.

इंजिनिअर साठीचा होता, गुडघ्यापर्यंत बूट घालून आला. भरावाच्या खालच्या अंगाला, पायथ्याशी, गवताचा एक पट्टा इतर गवतापेक्षा जास्त हिरवा होता. तो तिथे थांबला. माझ्या हातातला कॉफीचा कागदी पेला मागून घेतला, उरलेली कॉफी ओतली, रुमालाने पेला पुसला आणि त्या हिरव्या जागी अर्धा मिनिट धरला. मग उन्हात नेऊन माझ्यासमोर धरला.

"काय दिसतंय?"

"पाणी."

"गढूळ?"

"नाही. स्वच्छ."

"मग लक्ष ठेवा. मातीचं धरण थोडं पाझरतंच. गढूळ आलं तर समजा, ते आतली माती घेऊन येतंय. तेव्हा मला फोन करू नका, खालच्या सहा घरांना करा."

त्या दिवसापासून मी रोज सकाळी कागदी पेला घेऊन धरणावर जातो. बायको म्हणते, पूर्वीचे लोक दुसऱ्याच वस्तूत पाणी घेऊन बांधावर जायचे.

अहवालात दोन गोष्टी ठळक होत्या. एक, मस्करॅट. हा आपल्या घुशीचा पाणबुड्या मावसभाऊ, भरावात बिळं करतो. मंडळाच्या बैठकीत एकजण हसला, की आता उंदरामुळे धरण फुटणार. मी हसलो नाही. 2019 च्या जुलैत चिपळूणजवळचं तिवरे धरण रात्रीच्या अंधारात फुटलं, माणसं गेली, आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला होता. आख्खा महाराष्ट्र खेकड्यांवर विनोद करत होता. पण बीळ पडतं हे खोटं नाही. ते वेळेवर बुजवायचं काम खेकड्याचं नसतं, एवढंच.

दुसरी गोष्ट, विलोचं झाड. भरावावर मधोमध, सुंदर, पाण्यावर झुकलेलं. अहवाल म्हणाला, काढा. मुळं भरावात शिरतात, झाड मेलं की मुळं कुजतात आणि पाण्याला आयता बोगदा मिळतो. मी हे सभेत वाचून दाखवलं. पहिल्या रांगेतल्या एक आजी उठल्या. त्यांच्या नवऱ्याने त्यांना त्या झाडाखाली मागणी घातली होती. हॉलमध्ये कुणाला तरी हुंदका आला. मी हिशेबाचा कागद हातात धरून उभा, झाडाचा खुनी. मग मी लेक डेल्टनची गोष्ट काढली, जी इथे सगळ्यांना ठाऊक आहे पण कुणी काढत नाही. 9 जून 2008. आमच्याच राज्यातलं 267 एकरांचं तळं, पर्यटकांनी भरलेलं. अतिवृष्टी झाली. धरण जागच्या जागी राहिलं, पण पाण्याने शेजारचा रस्ता कापला आणि काही तासांत सगळं तळं विस्कॉन्सिन नदीत निघून गेलं. जाताना काठची घरं घेऊन गेलं. मागे उरला चिखल, त्यात धक्के उभे.

"तुमच्या धक्क्यासमोर चिखल असेल," मी म्हणालो, "आणि कर तोच असेल."

झाड काढायचा ठराव तीन मतांनी मंजूर झाला. राखीव निधीही मंजूर झाला. आजींनी मला चार महिने हात दाखवला नाही. इथे हे वाळीत टाकणं समजावं. विस्कॉन्सिनमध्ये अनोळखी ट्रॅक्टरवाल्यालाही हात दाखवतात. शेवटी बुंध्याची एक चकती घासून, पॉलिश करून त्यांच्या ओट्यावर ठेवली, तेव्हा केळ्याचा ब्रेड आला.

आता कोरमबद्दल सांगतो, कारण तो मला फार छळतो. पाचांत तिघं जमले की गणपूर्ती. आणि विस्कॉन्सिनचा खुल्या सभांचा कायदा म्हणतो की निम्मे किंवा जास्त सदस्य एकत्र दिसले तर ती सभाच, असं धरून चालायचं. नव्हती हे तुम्ही दाखवायचं. सभेला चोवीस तास आधी सूचना, विषय छापून. आपल्याकडचा "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" हा लाडका विषय इथे चालत नाही. गप्पांना, योगायोगाने भेटण्याला कायद्यात सूट आहे, पण आमच्या सचिवाला नाही. तो चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालाय आणि चीजसारखाच कायदाही मुरवतो. शुक्रवारी गावातल्या बारमध्ये तळलेला मासा खायला सगळं तळं येतं. मी आणि अध्यक्षीणबाई एका टेबलावर असलो की तो कोपऱ्यात एकटा, भिंतीकडे तोंड करून खातो. एकदा सॉस मागायला आला तर म्हणाला, "मी फक्त सॉससाठी आलोय, याची नोंद असू द्या."

गेल्या जूनमध्ये तीन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या रात्री दोन वाजता मी रेनकोट घालून धरणावर होतो. सांडव्यात फळ्या असतात, आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्याला बरगे असतात तशा. पाणी मोजपट्टीवर लाल रेघेला आलं की कोणती फळी काढायची हे आराखड्यात लिहिलेलं आहे, आणि आकडी माझ्या गराजमध्ये असते. पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं. फोन वाजला. पुण्यात दुपारचे साडेबारा.

"पाऊस आहे का रे तिकडे?"

"आहे."

"पेल्यात बघितलंस?"

बॅटरी तोंडात धरून पायथ्याशी उतरलो. पेला भरला, उजेडात धरला. स्वच्छ होतं. "स्वच्छ आहे," म्हणालो. "मग जेवते," म्हणाली आणि फोन ठेवला.

वर आलो तर अध्यक्षीणबाई मोजपट्टीपाशी वाकलेल्या. आम्ही दोघांनी आकडी लावली, पण फळी फुगून बसली होती, हलेना. तेवढ्यात रस्त्यावर ट्रक थांबला. सचिव. पावसात उतरला, चार पावलं आला, आम्हाला बघितलं आणि जागच्या जागी थिजला.

"आपण तिघं झालो," तो म्हणाला.

"अरे बाबा, ये इकडे, ओढायला मदत कर!"

"तातडीची सभा असली तरी दोन तास आधी सूचना लागते."

अध्यक्षीणबाई जे बोलल्या ते शब्द मी विस्कॉन्सिनमध्ये प्रथमच ऐकले. तो शांतपणे परत गेला, ट्रकमध्ये बसला, ट्रक रस्त्याच्या पलीकडे नेऊन वळवला आणि हेडलाइट बरोबर मोजपट्टीवर टाकले. आता रेघ स्वच्छ दिसत होती. पाणी तिला टेकलं होतं. आम्ही दोघांनी पाय रोवून ओढलं. तिसऱ्या झटक्याला फळी निघाली आणि पाण्याचा आवाज बदलला.

पलीकडून हेडलाइट एकदा मिचकावले. इतिवृत्तात याची नोंद नाही.