जीआरच्या भरवशावर संसार

२०२५ ची सर्वपित्री अमावस्या. वडिलांचं वर्षश्राद्ध झाल्यानंतरचा पहिला पितृपक्ष म्हणून भाचा खास अमेरिकेहून नाशिकला आला होता. शनिवारी सकाळी कंपनीचा मेल: उद्याच्या आत परत या. आदल्या दिवशी ट्रम्प यांनी एच-१बी वर, म्हणजे तिथे नोकरीसाठी मिळणाऱ्या व्हिसावर, १ लाख डॉलरचं शुल्क लावणाऱ्या आदेशावर सही केली होती. आपल्याकडची रविवारी सकाळी साडेनऊची वेळ, त्यानंतर ते लागू. आदेशात शब्द होता 'प्रवेश', म्हणून बाहेर असलेले सगळेच घाबरले. पोरगं टॅक्सी करून मुंबईला धावलं. तिकीट मिळेना. रात्र विमानतळावर काढली. रविवारी पहाटे खुलासा कळला की हे फक्त नव्या अर्जांना आहे. रामकुंडावर पोचेपर्यंत दुपार झाली. ताई उपाशी बसून होती.

माझी सगळी नोकरी जीआर आणि परिपत्रकं वाचण्यात गेली. कायदा बदलायचा तर विधेयक येतं, चर्चा होते, विरोधक बोलतात, लोकांना महिनोन्‌महिने आधी चाहूल लागते. जीआर एका सहीने निघतो आणि एका सहीने रद्द होतो. एच-१बी ची ६५ हजारांची मर्यादा, वर अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठीच्या २० हजार जागा, हे तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, कायद्यात लिहिलंय. मग ८८ लाख रुपयांच्या घरातलं शुल्क एका सहीने का?

कारण दार काँग्रेसनेच उघडं ठेवलंय. तिथल्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम २१२(एफ) सांगतं की परदेशी लोकांचा प्रवेश देशहिताला बाधक वाटला तर राष्ट्राध्यक्ष तो थांबवू शकतात. २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या प्रवासबंदीच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी हा अधिकार व्यापक मानला. आपल्याकडेही २०२५ मध्येच परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा झाला. विधेयक समितीकडे पाठवा, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. त्यातही बरंच काही केंद्र सरकारच्या आदेशांवर सोडलंय. मला ते तितकंच खटकतं.

आणि एक गोष्ट आपल्याच लोकांना स्पष्ट सांगायची आहे. एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या जोडीदारांसाठीच्या व्हिसावरच्या, काही बायकांना नोकरीची परवानगी २०१५ मध्ये मिळाली, ती ओबामांच्या काळात, सरकारी नियमाने. काँग्रेसने तसा कायदा केला नव्हता. तेव्हा आपण पेढे वाटले. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत तोच नियम काढून घेण्याची तयारी झाली आणि कित्येक घरं वर्षानुवर्षं टांगणीला लागली. आपल्या सोयीचा हुकूम आला की टाळ्या आणि गैरसोयीचा आला की संसदेची आठवण, हे मला पटत नाही. मला दोन्ही कायद्यातच हवेत.

भाचेसुनेने हे ऐकलं आणि म्हणाली, "मामा, २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी इमिग्रेशनचं मोठं विधेयक मंजूर केलं होतं. खालच्या सभागृहाने ते मतदानालाच घेतलं नाही. मी कायद्याची वाट बघत बसले असते तर आजही घरीच असते." तिचं खरं आहे. तिची नोकरी त्या नियमावरच उभी आहे, म्हणून तर मला तिची जास्त काळजी वाटते.